व्हिजिटर पास नंबर सात

इनामदार साहेबांनी आमच्याकडे दिलेल्या कोणत्याही अहवालात ‘समाधानकारक’ हा शब्द सापडणार नाही. मी त्यांचे दोन अहवाल शब्दन् शब्द वाचले आहेत, त्यातला एक स्वतः टाइप केला आहे, म्हणून खात्रीनं लिहितो. छापील फॉर्मात शेवटी ‘एकंदर अभिप्राय’ असा रकाना असतो आणि त्यापुढे तीन पर्याय: समाधानकारक, सुधारणा आवश्यक, असमाधानकारक. साहेब तिन्हींवर एक आडवी रेघ मारत आणि खाली मिनिटं-सेकंद लिहीत.

“समाधान ज्याचं त्याचं असतं, पाटसकर,” ते म्हणत. “मला आकडा द्या.”

बशीर इनामदार एका अणुवीज केंद्रातून निवृत्त झाले होते. केंद्र समुद्रकाठचं, याहून जास्त ते सांगत नसत. नोकरीच्या शेवटच्या अकरा वर्षांत त्यांचं काम एकच होतं, आपत्कालीन सरावांचं परीक्षण. किरणोत्सर्ग बाहेर पडला आहे असं धरून केंद्रातली आणि आसपासच्या गावांतली माणसं काय काय करतात, ते उभं राहून बघायचं, वेळ लावायची आणि लिहायचं. परीक्षकानं बोलायचं नाही, मदत करायची नाही, चुकणाऱ्याला खुणावायचंसुद्धा नाही. अकरा वर्षं हे केल्यामुळे की काय, त्यांचा चेहरा असा झाला होता की समोरच्याला आपण बरोबर करतोय की चूक, याचा पत्ता लागू नये.

निवृत्तीनंतर त्यांनी चऱ्होलीत फ्लॅट घेतला. चाकणच्या कारखान्यांना वर्षातून दोनदा मॉक ड्रिल करावं लागतं आणि त्याला बाहेरचा परीक्षक असला की कागद भक्कम होतो. तसं त्यांना आमच्याकडे बोलावणं आलं. आमच्या कंपनीत गाड्यांचे बंपर रंगवतात. थिनरचे आणि रंगाचे पिंप, भट्ट्या, वाफ, म्हणजे आगीला लागेल ते सगळं. मी टाइम ऑफिसमध्ये. कोण कधी आत आला, कधी बाहेर गेला, एवढंच माझं काम. ड्रिलच्या वेळी मैदानावर यादी घेऊन उभं राहायचं आणि माणसं मोजायची तीही जबाबदारी माझ्याकडे.

आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, “आत्ता आत किती माणसं आहेत?”

“तीनशे ब्याण्णव.”

“मोजून सांगताय की मशीनवरून?”

“मशीनवरून साहेब. पंचिंगला एकाचाही फरक नसतो आमच्याकडे.”

“अच्छा,” ते म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. एवढ्यात काय लिहिण्यासारखं होतं, मला कळलं नाही.

अकरा वाजता सायरन झाला. गेटवर माइकशेजारी घोषणेचं एक कार्ड चिकटवलेलं होतं, सिक्युरिटीच्या ढोलेंनी ते वाचलं: “लक्ष द्या, लक्ष द्या. हा सराव आहे. सर्वांनी काम थांबवून मैदानावर यावे. हा सराव आहे.” लोक आले, रांगा झाल्या. चार मिनिटं दहा सेकंदांत तीनशे ब्याण्णव. मी फळ्यावर आकडा लिहिला. प्लँट हेडनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले. मग कोणीतरी म्हणालं, “अरे, पण ते परीक्षक कुठायत?”

ते स्वतःच आले. अडतीस मिनिटांनी. पँटला गुडघ्यापर्यंत निळा गाळ लागलेला, शर्टाला टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘बेशुद्ध. श्वास चालू आहे.’ रंगाच्या बूथमागे जमिनीखाली एक खोली आहे, तिथे रंगाचा गाळ जमतो. सगळे तिला खड्डा म्हणतात. साहेब सायरनआधी त्या खड्ड्याच्या जिन्याखाली जाऊन बसले होते.

“मी नव्हतोच का तुमच्या आकड्यात?” त्यांनी स्टॉपवॉच बंद करत विचारलं.

“तुम्ही व्हिजिटर, साहेब. व्हिजिटर, टेम्पोवाले, सफाईचे कॉन्ट्रॅक्टवाले, यांची नोंद गेटच्या रजिस्टरात असते. माझ्याकडे फक्त मशीनवाले.”

“आणि ह्या दोन याद्या कुठे एकत्र येतात?”

मी विचार केला. खरं तेच सांगितलं. “कुठेच नाही.”

जाताना त्यांनी खिशावरचा पास मला दाखवला. व्हिजिटर, नंबर सात. “हा मी परत करत नाही. तुमच्या रजिस्टरप्रमाणे मी आत आहे. बघू, मला कोण आणि कधी शोधायला येतं.”

कोणीही आलं नाही. गेटवर नवा सात नंबर छापून घेतला.

त्यांचा अहवाल मीच टाइप केला, कारण साहेब हातानं लिहीत आणि अक्षर बारीक. एकोणीस मुद्दे होते. नववा: ‘गेट रजिस्टर व हजेरी यांची एकच यादी करावी. मैदानावर संख्या न मोजता नावाने पुकारावे.’ चौदावा: ‘घोषणेची दोन कार्डे ठेवावीत. सरावाचे पिवळे, खऱ्या प्रसंगाचे लाल. सध्या एकच कार्ड आहे व त्यावर हा सराव आहे असे छापलेले आहे.’ आणि मध्ये कुठेतरी, मुद्दा क्रमांक अकरामध्ये: ‘अडतीस मिनिटांत माझ्याजवळ एकच व्यक्ती आली, एक सफाई कामगार. तो यादीत नव्हता.’

हे मी टाइप करताना थांबलो. त्यांना फोन केला. “हा कोण, साहेब?”

“माहीत नाही. खाली गाळ काढत होता. मला बघून म्हणाला, ‘साहेब, बरं वाटंना का? पाणी आणू का?’ मी विचारलं, तू बाहेर का नाही गेलास? तर म्हणतो, ‘ते कंपनीच्या लोकांचं असतंय. आमाला सांगितलंय, सायरन वाजला तरी काम चालू ठेवा.’ पाणी आणून दिलं. मी प्यालो.” मग जरा थांबून, “बेशुद्ध माणसानं पाणी प्यायला नको होतं. तेवढी चूक माझ्या नावावर घाला.”

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण अहवालाच्या शेवटी त्यांनी खरंच एक ओळ वाढवायला लावली.

प्लँट हेडनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी फाइल घेऊन उभा होतो.

“इनामदार साहेब, चार मिनिटांत चारशे माणूस बाहेर काढलाय आम्ही. निदान ‘समाधानकारक’वर टिक करायला काय हरकत आहे?”

“चार मिनिटांत माणसं मैदानावर आली. सगळी बाहेर आली असं मी लिहिलेलं नाही.”

“ॲटॉमिक प्लँट नाहीये हो हा! बंपर रंगवतो आम्ही.”

“धुराला ते कळत नाही,” साहेब म्हणाले. आवाज चढला नाही, उतरलाही नाही.

पुढच्या ड्रिलला त्यांना बोलावलं नाही. भोसरीच्या एका एजन्सीनं माणूस पाठवला. त्यानं तीन पर्यायांतला पहिला निवडला आणि रंगीत फोटोंसकट फाइल दिली. साहेबांचा अहवाल कपाटात गेला. मी ठेवला, माझ्या हातानं, आणि वर क्रमांक घातला.

‘समाधानकारक’ हा शब्द त्यांनी का सोडला हे मला नंतर कळलं. पिंपळे गुरवला माझ्या घरी ते चहाला आले होते तेव्हा. घरात पाऊल टाकल्यावर त्यांनी आधी बाल्कनीच्या ग्रिलकडे पाहिलं. “वहिनी, ह्या कुलपाची किल्ली?”

आमची ही ड्रॉवर धुंडाळायला लागली. देव्हाऱ्याखाली पाहिलं, फ्रीजवर पाहिलं. किल्ली शेवटी पिठाच्या डब्यामागे निघाली. साहेब घड्याळाकडे बघत होते.

“तीन मिनिटं वीस सेकंद,” ते म्हणाले.

“हे पाहुणे आहेत की परीक्षक?” बायको मला आत येऊन म्हणाली. पण त्या संध्याकाळपासून किल्ली ग्रिलशेजारच्या खिळ्याला आहे.

किल्ली हा त्यांचा जुना विषय होता. एका सरावात गावच्या दवाखान्यात, किरणोत्सर्ग झाला की देतात त्या आयोडिनच्या गोळ्या मोजल्या. कागदावर होत्या तेवढ्याच भरल्या, एकही कमी नाही. पण त्या होत्या काचेतून दिसणाऱ्या कपाटात, आणि किल्ली ज्या कंपाउंडरकडे तो मेहुणीच्या लग्नाला गेलेला. सगळ्यांनी काचेतून मोजल्या आणि सही केली. “मीही मोजल्या,” साहेब म्हणाले. “पण खाली लिहिलं, ‘किल्ली नाही, सबब गोळ्या नाहीत.’ कलेक्टर ऑफिसचा माणूस महिनाभर माझ्याशी बोलला नाही.”

चहा पिताना त्यांनी मग म्हातारीची गोष्ट सांगितली. केंद्राजवळच्या एका गावात घोषणेचा सराव होता. जीपवर भोंगा लावून गावातून फिरायचं: घरात जा, दारंखिडक्या बंद करा, झाकलेलंच पाणी प्या. साहेब पिवळी पट्टी लावून चौकात उभे. जीप दोनदा गेली. समोरच्या ओट्यावर एक बाई मासळी वाळत घालत होती. ती उठली नाही. जीप गेली तिकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

“मला वाटलं, रोजचा आवाज म्हणून दुर्लक्ष करतेय. फॉर्मात प्रश्न होता, ‘घोषणा पोचली का?’ भोंगा मला खणखणीत ऐकू आला होता. मी ‘हो’ लिहिलं. एकंदर, समाधानकारक. निघताना तिच्या सुनेनं सांगितलं, बाई ठार बहिरी. वीस वर्षांपासून.”

“मग बदललं नाही?”

“दुसऱ्या दिवशी गेलो बदलायला. अहवाल वर गेला होता. वर सगळ्यांना समाधान झालं होतं.” त्यांनी कप खाली ठेवला. “घोषणा माझ्यापर्यंत पोचली होती, पाटसकर. मी माझंच परीक्षण करून आलो.”

एवढं गंभीर बोलणारा माणूस घरी कसा असेल, असं वाटायचं. रेहानाभाभींनी ते कोडं सोडवलं. केंद्रावरच्या सरावात प्रत्येक फोनच्या आधी आणि शेवटी ‘हा सराव आहे’ असं म्हणावं लागतं, नाहीतर ऐकणारा खरं समजायचा. साहेबांच्या तोंडात ते इतकं बसलं होतं की एकदा त्यांनी साडूला फोन करून म्हटलं, “हा सराव आहे. आम्ही रविवारी येतोय. हा सराव आहे.” साडूनं रविवारी स्वयंपाकच केला नाही. तेव्हापासून भाभी स्वयंपाकघरातून ओरडत, “अहो, मीठ संपलंय! हा सराव नाही!” आणि साहेब हसत मुकाट पिशवी उचलत. त्यांना हसताना मी पाहिलं ते तेवढ्याच वेळा.

आमच्याकडे आग लागली ती त्यांच्या ड्रिलनंतर आठ महिन्यांनी.

सकाळची शिफ्ट होती. रंगाच्या बूथमध्ये पेट घेतला आणि पिंपांच्या बाजूनं पसरला. सायरन झाला. ढोले माइककडे धावले. पुढ्यात कार्ड होतं, ते त्यांनी वाचलं. पाठ असूनही वाचलं, कारण घाबरलेला माणूस समोर असेल तेच वाचतो. “लक्ष द्या, लक्ष द्या. हा सराव आहे.”

ज्यांना ज्वाळा दिसल्या ते पळाले. ज्यांना दिसल्या नाहीत ते हळूहळू चालत आले, एकदोघं फोनवर बोलत. मैदानावर मी उभा होतो. त्या दिवशीचा आकडा तीनशे शहाऐंशी. मोजले. परत मोजले. तीनशे शहाऐंशी. अग्निशमनवाल्यांच्या अधिकाऱ्यानं विचारलं, “आत कोणी?”

मी सांगितलं, “कोणी नाही. सगळे बाहेर.”

ते वाक्य माझं आहे. चौकशीत मी ते जसंच्या तसं सांगितलं.

त्यांनी बाहेरून पाणी मारलं. आत माणूस नसेल तर माणसं आत घालायची नाहीत, हा त्यांचा नियम आणि तो योग्यच आहे. चौतिसाव्या मिनिटाला सफाईच्या मंगलबाई माझ्याजवळ आल्या. पदर तोंडाला लावलेला. “सायेब, सुभाष दिसंना. खड्ड्यात उतरला व्हता.”

तो जिन्याच्या वरच्या पायरीवर सापडला. जळालेला नव्हता. हातात गाळाचं फावडं होतं. म्हणजे घोषणा ऐकून तो काम करत राहिला असणार, आणि धूर खाली उतरला तेव्हा निघाला असणार. हे माझं अनुमान आहे. पुरावा फक्त फावड्याचा.

साहेब त्या रविवारी माझ्याकडे आले. मला भीती होती की ते म्हणतील, मी लिहिलं होतं. ते म्हणाले नाहीत. ग्रिलकडेही पाहिलं नाही. खुर्चीच्या कडेवर बसले आणि विचारलं, “घोषणा कोणत्या कार्डवरून झाली?”

“होतं त्याच.”

“तो आत आहे हे कळायला किती मिनिटं लागली?”

“चौतीस मिनिटं.”

“खड्ड्यात होता तो?”

“हो.”

“त्याच्या डाव्या भुवईवर व्रण होता?”

मी मान डोलावली. मग त्यांनी पिशवीतून आपल्या अहवालाची प्रत काढली. मला वाटलं, आता दाखवणार. त्यांनी मुद्दा क्रमांक अकरा काढला आणि बोट ठेवलं.

“इथे मी काय लिहिलंय, वाचा.”

“एक सफाई कामगार.”

“त्यानं मला पाणी दिलं. मी अर्धा तास त्याच्या शेजारी होतो. नववा मुद्दा, नावाने पुकारावे, असं लिहिणारा मीच.” त्यांनी प्रत बंद केली. “आणि मी त्याला नाव विचारलं नाही. काय नाव होतं?”

“सुभाष वाघमारे. लातूरकडचा.”

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. स्पेलिंग विचारावं तसं त्यांनी एकेक अक्षर विचारून लिहिलं. मी म्हणालो, “साहेब, तुम्ही सगळं लिहिलं होतं. कपाटात मी ठेवलं.”

“तुमचं तुम्ही बघा,” ते म्हणाले. त्यात राग नव्हता. पण सूटही नव्हती. “नऊ आणि चौदा. पहिल्या पानावर घ्यायला हवे होते. एकोणीस मुद्द्यांत माणूस हरवतो.”

चौकशीनंतर प्लँट हेड बदलले. नव्यांनी कपाट उघडलं. आता आमच्याकडे एकच यादी आहे, गेटवर आणि माझ्याकडे तीच. दोन कार्डं आहेत, पिवळं आणि लाल. मैदानावर मी आकडा मोजत नाही, नाव पुकारतो, आणि माणसानं हात वर करून ‘हजर’ म्हणायचं असतं. पोरं हसतात. “शाळा झालीय राव!” म्हणतात. हसू द्यावं.

नव्या पद्धतीचं पहिलं ड्रिल झालं तेव्हा साहेबांना बोलावलं. ते बारीक झाले होते. गेटवर त्यांना अकरा नंबरचा पास मिळाला. सायरन झाला, ढोलेंनी पिवळं कार्ड वाचलं. मी पुकारायला लागलो. व्हिजिटरांची नावं शेवटी.

“बशीर इनामदार.”

उत्तर नाही. मी परत पुकारलं. तीन मिनिटं सव्वीस सेकंद झाले होते. मी बचावाच्या चमूला ओरडून सांगितलं, “एक कमी. खड्डा बघा आधी,” आणि त्यांच्यामागे मीही धावलो. पन्नाशीचा माणूस धावतो तसा.

ते जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. खाली नाही, वर, दाराशी. भिंत नव्यानं रंगवलेली होती. शर्टाला चिठ्ठी होती, तेच ठळक अक्षर: ‘सुभाष वाघमारे. श्वास चालू आहे.’

चमूतल्या पोरांनी ती वाचली, परत वाचली. एकानं तरी त्याच्याबरोबर डबा खाल्ला असेल.

साहेबांनी स्टॉपवॉच दाबलं. “सहा मिनिटं बारा सेकंद.”

मला दम लागला होता. चौतीसवरून सहा. खरं सांगायचं तर मी काहीतरी ऐकायची वाट बघत होतो. निदान मान हलेल, असं वाटलं.

“धुरात किती मिनिटं मिळतात, साहेब?”

“चार,” ते म्हणाले आणि वहीत लिहिलं.

पोरांनी त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. ते हलके होते. मैदानापर्यंत त्यांनी डोळे मिटून ठेवले, कारण बेशुद्ध माणूस बघत नाही. पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

नंतर ते माझ्या टेबलाशी आले. खिशातून एक पास काढला. कडा झिजलेल्या, नंबर सात. “जुनं रजिस्टर आहे? मला बाहेर काढा.”

गेटचं जुनं रजिस्टर आगीनंतर माझ्याच ताब्यात होतं, ते काढलं. त्यांची ओळ सापडली. आत येण्याची वेळ होती, बाहेरचा रकाना कोरा. मागची वेळ नंतर घालायची नाही हा माझा नियम आहे, म्हणून मी त्यात आजची तारीख घालून ‘पास परत मिळाला’ एवढंच लिहिलं आणि सही केली. त्यांनी ते उलट्या बाजूनं वाचलं. मग म्हणाले, “त्याची ओळ दाखवा.”

तेच रजिस्टर, पुष्कळ पानं पुढे. सफाई, सुभाष वाघमारे, आत सहा पन्नास. बाहेर: काही नाही.

“कोणी भरायला सांगितलं नाही?”

“सांगितलं होतं. जुन्या साहेबांनी. सातची वेळ घाला म्हणाले, म्हणजे आग लागली तेव्हा तो आत नव्हता असं झालं असतं.”

“आणि?”

“मी घातली नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही, तेव्हाही कळलं नाही. रजिस्टर त्यांनी स्वतः मिटलं आणि माझ्याकडे सरकवलं.

खिडकीतून मला गेट दिसतं. तिथे त्यांनी अकरा नंबरचा पास परत दिला. ढोले वेळ लिहीपर्यंत ते उभे राहिले, लिहिलेली वेळ आपल्या घड्याळाशी ताडून पाहिली, काहीतरी म्हणाले. ढोलेंनी खोडून परत लिहिलं. मग ते रस्ता ओलांडून बसस्टॉपकडे गेले.

महिन्याभरात भाभींचा फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, “भाईसाहब, साहेब गेले,” आणि मग, आवाज सावरत, “हा सराव नाही.”

नंतर मी रजिस्टर काढून पाहिलं. अकरा नंबर, बाहेर एक वाजून चोवीस मिनिटं. आधी लिहिलेले पंचवीस खोडलेले, बाजूला ढोलेंची सही.